गाडी लोअर करताय? स्प्रिंगच्या आधी टायरचा हिशेब करा

भिवंडी : गाडी जरा खाली बसली की दिसायला झकास दिसते, वळणावर डोलत नाही, आणि चाक व मडगार्ड यांच्यामधली ती मोकळी जागा भरून निघते. त्यामुळे हॅचबॅक किंवा सेडान घेतली की तालुक्यातल्या अनेक तरुणांचा पहिला बेत गाडी ‘लोअर’ करण्याचा असतो. स्प्रिंग बदलायला अर्धा-एक दिवस पुरतो. खरी अडचण सहा महिन्यांनी कळते. बाहेरून पाहिले तर टायरची नक्षी शाबूत असते, पण चाक काढून उलटे केले की आतल्या काठाला रबर संपून तारा दिसायला लागलेल्या असतात. ‘टायर आतून खाल्ला’ म्हणतात तो हाच प्रकार.

हे टाळता येते. मात्र त्यासाठी गाडी खाली आल्यावर चाकांचे कोन कसे बदलतात, कोणता कोन टायर खातो आणि अलाइनमेंट नेमकी कधी व कशी करून घ्यायची, हे आधी माहीत हवे. ती माहिती या लेखात क्रमाने दिली आहे.

थोडक्यात

• गाडी 25 ते 30 मिमीपेक्षा जास्त खाली आणू नये. भिवंडी, वाडा, शहापूर भागातल्या रस्त्यांना तर तेवढीही पुष्कळ झाली.
• कंपनीची स्प्रिंग कापू नये आणि गॅसने तापवून तर मुळीच बसवू नये.
• टायर सर्वात जास्त खातो तो ‘टो’. ‘कॅम्बर’चा नंबर त्यानंतर.
• अलाइनमेंट दोनदा लागते. पहिली स्प्रिंग बसवल्या दिवशी, दुसरी गाडी बसल्यावर.
• टायर तपासताना आतला काठ पाहायचा. बाहेरून काहीच कळत नाही.

आधी रस्ता मोजा

किती खाली आणायची, हे ठरवताना कॅटलॉगमधला फोटो बाजूला ठेवून गाडी रोज जिथून जाते तो रस्ता डोळ्यांसमोर आणावा. भिवंडीत गोदामांमुळे कंटेनर आणि ट्रेलरची वर्दळ रात्रंदिवस असते. माणकोली, रांजणोली, अंजूरफाटा-चिंचोटी रस्ता, भिवंडी-वाडा रस्ता इथे अवजड वाहनांनी डांबर दबून चाकोऱ्या पडतात आणि दोन चाकोऱ्यांच्या मध्ये उंचवटा राहतो. लोअर गाडीचे पोट नेमके त्या उंचवट्यावरून जाते. पावसाळ्यात खड्डा पाण्याखाली गेला की त्याची खोली कळत नाही, ही गोष्ट वेगळीच.

गतिरोधकाचा हिशेब तर कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. भारतीय रोड काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक गाडीच्या धावण्याच्या दिशेने 3.7 मीटर लांब आणि मध्यभागी 10 सेंमी उंच असतो. ताशी 25 किमी वेगाने तो आरामात ओलांडता यावा, हा त्यामागचा हेतू. मारुती स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर 2,450 मिमी, म्हणजे गतिरोधकाच्या लांबीपेक्षा कमी. त्यामुळे चारही चाके एकाच वेळी गतिरोधकावर येतात आणि पोटाखाली रस्ता जेमतेम साडेचार सेंमी वर उचललेला राहतो. लोअर केलेली गाडीही तो सहज ओलांडते.

गावात शिरताना लागतो तो गतिरोधक असा नसतो. अपघात झाला की रातोरात खडी-डांबराचा ढीग टाकून केलेला, फूट-दीड फूट रुंदीचा आणि वीतभर उंचीचा वाटावा असा तो उभा ढिगारा असतो. तो दोन चाकांच्या मध्ये येतो तेव्हा त्याची सगळी उंची पोटाखाली येते. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स 163 मिमी धरला आणि ढिगारा 150 मिमीचा असला, तर मूळ गाडी 13 मिमीने सुटते. तीच गाडी 30 मिमी खाली आणली तर क्लिअरन्स 133 मिमी उरतो आणि गाडी घासते. त्यात मागे तिघे बसले, डिकीत सीएनजीचे सिलिंडर असले, तर गाडी आणखी काही सेंटिमीटर दबते. घासायला पहिला पुढे येतो तो इंजिन ऑइलचा चेंबर. चेंबर फुटला आणि तेल गळाल्याचे लक्षात न येता गाडी तशीच पळवली, तर इंजिन जाम होते.

म्हणून कोणतीही ऑर्डर देण्याआधी एक साधे काम करावे. घरापासून कामापर्यंतच्या रस्त्यावर सर्वात वाईट गतिरोधक कोणता, ते ठरवून तिथे टेपने उंची मोजावी. मग गाडी भरलेली असताना तिच्या पोटाखालचे अंतर मोजावे. दोन्ही आकड्यांमधला फरक जेवढा, तेवढाच वाव आपल्या हातात आहे.

गाडी खाली आली की चाकांचे काय होते?

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे टॉर्शन बीम असतो. पुढच्या चाकाला खालून लोअर आर्म धरतो, वरून स्ट्रट म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंगची जोडी धरते, आणि बाजूने स्टीअरिंगचा टाय रॉड येतो. या तिघांची लांबी आणि तिरकेपणा कंपनीने एका ठरावीक उंचीसाठी जुळवलेला असतो. स्प्रिंग आखूड झाली की बॉडी खाली येते, चाक मात्र जमिनीवर आहे तिथेच राहते. मग लोअर आर्म आणि टाय रॉड आपापल्या कमानीत फिरतात आणि चाकाचे कोन बदलतात.

कॅम्बर : गाडीसमोर उभे राहून पाहिले तर चाक सरळ उभे आहे की वरून आत झुकले आहे, तो कोन म्हणजे कॅम्बर. गाडी खाली आणल्यावर चाक साधारणपणे वरच्या बाजूने आत झुकते. याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात. भार टायरच्या आतल्या बाजूवर जास्त येतो.

टो : वरून पाहिले तर दोन्ही चाकांची तोंडे समोर सरळ आहेत, आत वळली आहेत की बाहेर, तो कोन म्हणजे टो. टाय रॉड आणि लोअर आर्म यांची कमान एकसारखी नसल्याने गाडी खाली येताच टो बदलतो. तो कोणत्या दिशेने आणि किती बदलेल, हे प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळे असते. त्यामुळे अंदाजावर काम चालत नाही, मोजावेच लागते.

कास्टर : बाजूने पाहिल्यावर स्ट्रटचा मागे झुकलेला कोन. वळण संपल्यावर स्टीअरिंग आपोआप सरळ येते ते यामुळे. पुढची आणि मागची बाजू सारखी खाली आली तर यात फारसा फरक पडत नाही. फक्त पुढून किंवा फक्त मागून गाडी खाली केली तर पडतो.

मागचा टॉर्शन बीम या बाबतीत सोपा. दोन्ही चाके एकाच तुळईला जोडलेली असल्याने गाडी खाली आली तरी मागचे कोन जवळपास तसेच राहतात. पण तिथे कोन बदलायला बोल्टही नसतो. खड्ड्यात आपटून बीम वाकला असेल तर अलाइनमेंटवाला काही करू शकत नाही.

टायर खातो तो टो

लोअर गाडीचा टायर आतून गेला की दोष कॅम्बरला दिला जातो. चाक झुकलेले डोळ्यांना दिसते, म्हणून तसे वाटते. टो डोळ्यांना दिसत नाही, पण नुकसान त्याचे जास्त.

हिशेब असा. 14 इंची रिमवर दोन्ही चाकांचा मिळून 2 मिमी टो बिघडला, तर प्रत्येक चाक साधारण 0.16 अंश वाकडे असते. हा कोन इतका लहान की उघड्या डोळ्यांना चाक सरळच दिसते. पण असे चाक दर किलोमीटरला जवळपास पावणेतीन मीटर आडवे ओढले जाते. 10,000 किलोमीटर गाडी चालली तर हे आडवे ओढणे साधारण 28 किलोमीटरचे होते. भिवंडीहून ठाण्याला जाऊन परत यावे, जवळपास तेवढे अंतर टायर आडवा घासत गेला असे समजा.

त्या उलट, कॅम्बर एक-सव्वा अंश आत असला आणि टो अचूक असला, तर टायर आतून थोडा जास्त झिजतो, पण त्याचे आयुष्य फारसे घटत नाही. वेळोवेळी टायरची अदलाबदल केली तर ते चालून जाते. कॅम्बर आत झुकलेला आणि वर टोही बिघडलेला, ही जोडी मात्र वाईट. सगळा भार आतल्या काठावर, आणि तोच काठ रस्त्यावर घासत चाललेला. अशा गाडीचा नवा टायर काही महिन्यांत तारांपर्यंत येतो.

स्प्रिंग कापणे : स्वस्तात महाग

गाडी खाली आणायचा सर्वात स्वस्त मार्ग म्हणजे कंपनीच्याच स्प्रिंगची एक-दोन कॉइल ग्राइंडरने कापणे. काही ठिकाणी तर गॅसने कॉइल तापवून गाडीच्या वजनाने स्प्रिंग बसवतात. दोन्ही प्रकार टाळावेत. कारणे अशी :

1. कॉइल कापली की उरलेली स्प्रिंग कडक होते. काम करणाऱ्या पाच कॉइलपैकी एक कापली, तर कडकपणा सव्वापट होतो. गाडी खालीही येते आणि दणकेही जास्त देते. हे प्रमाण कोणी ठरवलेले नसते, ग्राइंडर जिथे थांबला तिथे ते ठरते.

2. स्प्रिंगचे टोक तिच्या वाटीत नीट बसेल असे वळवलेले असते. कापलेले टोक तसे बसत नाही. खड्ड्यात चाक खाली लोंबले की आखूड स्प्रिंग सैल होते, जागेवरून फिरते, क्वचित वाटीतून निसटते.

3. गॅसच्या उष्णतेने स्प्रिंगच्या पोलादाचा पाणी दिलेला कस उतरतो. अशी स्प्रिंग पुढे आणखी बसत जाते किंवा मोडते. दोन्ही बाजू सारख्या बसत नाहीत आणि गाडी एका अंगाला कलते.

4. चार चाकांना चार वेगळ्या उंची मिळतात. त्यावर कितीही चांगली अलाइनमेंट केली तरी गाडी एका बाजूला ओढते.

घ्यायचीच असेल तर त्या मॉडेलसाठीच बनवलेली, दोन्ही टोके नीट वळवलेली आणि किती मिमी खाली येईल ते लिहिलेली स्प्रिंग घ्यावी. ‘सगळ्या गाड्यांना चालते’ असे सांगितले तर ती घेऊ नये. पेट्रोल आणि डिझेल इंजिनच्या वजनात फरक असतो, त्यामुळे एकाच मॉडेलमध्येही पुढच्या स्प्रिंगचा नंबर वेगळा असू शकतो.

शॉकअपचाही विचार हवा. कडक स्प्रिंगची उसळी आवरायला जुना, थकलेला शॉकअप पुरत नाही. गाडी 50-60 हजार किलोमीटर चालली असेल तर नवे शॉकअप, वरचे माउंटिंग आणि बंपस्टॉप सोबतच बदलणे शहाणपणाचे. हे भाग काढायची मजुरी नाहीतरी द्यावीच लागणार असते.

काम करून घेण्याचा क्रम

पहिली पायरी, आधीची नोंद. सपाट जागेवर गाडी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहून ठेवावे. स्प्रिंग बदलण्याआधी एकदा अलाइनमेंट मशीनवर गाडी लावून प्रिंट घ्यावी. आधीच काही बिघाड असेल तर तो इथेच कळतो, पुढे वाद राहत नाही.

दुसरी पायरी, ढिले भाग. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, लिंक रॉड, चाकाचे बेअरिंग तपासावे. बुश फाटलेला असेल तर मशीनवर हिरवा दिसणारा आकडा पहिल्या खड्ड्यातच बदलतो. ढिल्या गाडीची अलाइनमेंट म्हणजे पैसे पाण्यात.

तिसरी पायरी, स्प्रिंग बसवणे. स्प्रिंग दाबायला योग्य कॉम्प्रेसरच लागतो. दोरी, साखळी किंवा दोन माणसांच्या जोरावर हे काम करू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवघेणी इजा होते. घरच्या घरी करण्याचे हे काम नाही. बसवताना स्प्रिंगचे टोक वाटीच्या खाचेला टेकले आहे ना, ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर पिळली गेली नाही ना, हे पाहावे.

चौथी पायरी, बोल्ट कधी आवळायचे. ही गोष्ट बऱ्याच ठिकाणी राहून जाते. गाडी जॅकवर, चाके लोंबकळत असताना लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट पक्के आवळले, तर गाडी खाली उतरताच बुशचे रबर पिळले जाते. ते लवकर फाटते आणि उंचीही नीट बसत नाही. हे बोल्ट चाके जमिनीवर टेकून गाडीचे वजन आल्यावरच पूर्ण आवळायचे.

पाचवी पायरी, त्याच दिवशी टो. स्प्रिंग बसली की टो बदललेलाच असतो. ‘बसू दे गाडी, मग बघू’ म्हणून महिनाभर तशीच फिरवली तर तेवढ्या दिवसांत टायरचा काठ जातो. म्हणून त्याच दिवशी टो सरळ करून घ्यावा.

सहावी पायरी, पक्की अलाइनमेंट. नवी स्प्रिंग आणि रबर पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये थोडे बसतात. साधारण 500 किलोमीटर किंवा दोन आठवड्यांनी उंची पुन्हा टेपने मोजावी. डावी-उजवी बाजू सारखी आली असेल तर चारही चाकांची पूर्ण अलाइनमेंट करावी. सोबत हेडलाइटची दिशाही जुळवून घ्यावी. पुढची-मागची उंची वेगळी आली असेल तर उजेड एकतर अगदी जवळ पडतो नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

अलाइनमेंटच्या प्रिंटवर काय पाहावे?

मशीनवर सगळे हिरवे आले म्हणजे काम झाले, असे समजू नये. प्रिंट हातात घेऊन पुढील गोष्टी पाहाव्यात.

• मशीनमध्ये मॉडेल आणि वर्ष बरोबर निवडले आहे का? भलतीच गाडी निवडली तर हिरव्या रंगाला अर्थ नाही.
• काम सुरू करण्याआधी चारही टायरमध्ये हवा बरोबर भरली होती का?
• आकडे अंश-मिनिटात आहेत की दशांशात? 0 अंश 30 मिनिटे म्हणजे 0.50 अंश. या घोळात टो चुकतो.
• डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये मोठी तफावत आहे का? गाडी एका बाजूला ओढते ती बहुधा यामुळे.
• आधी कॅम्बर, शेवटी टो, हा क्रम पाळला का? कॅम्बर हलवला की टो पुन्हा बदलतो. टो आधी केला असेल तर तो परत करावा लागतो.
• दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवले का? एकच फिरवला तर टो जुळतो, पण सरळ रस्त्यावर स्टीअरिंग तिरके राहते.

अनेक गाड्यांत पुढचा कॅम्बर बदलायची सोय कंपनीने दिलेली नसते. तिथे स्ट्रट आणि नकल यांच्या जोडावर कॅम्बर बोल्ट बसवून एक-दीड अंशापर्यंत दुरुस्ती करता येते. त्याऐवजी स्ट्रटचे भोक घासून मोठे करण्याचा जुगाड करू नये. तिथला बोल्ट खड्ड्यात सरकला की चाक धावत्या गाडीत वाकडे होते.

हात फिरवा, टायर सांगेल

टायरची झीज वाचता आली तर बिघाड लवकर सापडतो. पहिल्या 1,000 किलोमीटरनंतर आणि मग दर महिन्याला स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून पुढच्या चाकांच्या आतल्या काठावर टॉर्च मारून पाहावे.

नक्षीवरून आडवा हात फिरवला आणि एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवतीसारखे खरखरीत लागले, तर टो बिघडला आहे. फक्त आतला काठ गुळगुळीत झाला असेल तर कॅम्बर, आणि बहुधा सोबत टोही. टायरवर ठरावीक अंतराने खळगे पडले असतील आणि गाडी घूं घूं आवाज करत असेल तर शॉकअप गेला आहे किंवा चाकाचे बॅलन्सिंग नाही. दोन्ही काठ झिजले तर हवा कमी, मधला भाग झिजला तर हवा जास्त.

नक्षीच्या खाचेत लहान रबरी उंचवटा असतो. झीज त्याच्या पातळीला आली म्हणजे नक्षी 1.6 मिमी उरली, टायर बदलायची वेळ झाली. हा उंचवटा टायरच्या आतल्या बाजूच्या खाचेतही पाहावा. दर 5,000 ते 8,000 किलोमीटरला पुढचे-मागचे टायर बदलून लावले तर झीज वाटली जाते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 रोजी निकाल देताना कंपनीने ठरवलेली मूळ रचना बदलता येणार नाही, अशी भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ (4) मध्ये नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे.

‘आरसीवर उंची लिहिलेलीच नसते, मग कोण पकडणार?’ हा युक्तिवाद गॅरेजमध्ये ऐकू येतो. त्यावर विसंबून राहू नये. शंका असेल तर काम करण्याआधी आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या वेळी अडचणीचा ठरू शकतो. नव्या गाडीची सस्पेन्शनची वॉरंटीही जाऊ शकते.

वेगाच्या रस्त्यावर चूक माफ नाही

आतला काठ झिजलेला टायर गावातल्या रस्त्यावर फुटला तर गाडी बाजूला घेऊन स्टेपनी लावता येते. पण आता भिवंडी तालुक्याच्या दाराशी समृद्धी महामार्ग आला आहे. इगतपुरी ते आमणे हा 76 किमीचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला आणि आमणे ते नागपूर हा 701 किमीचा रस्ता पूर्ण झाला. तिथे कारला ताशी 120 किमीपर्यंत वेगाची परवानगी आहे. तासन्‌तास एकाच वेगाने काँक्रीटवर धावताना टायर तापतो, आणि जिथे रबर पातळ तिथेच तो फाटतो. आतल्या काठाची तार उघडी पडलेला टायर घेऊन अशा रस्त्यावर जाणे म्हणजे गाडीतल्या सगळ्यांचा जीव पणाला लावणे. लांबच्या प्रवासाला निघण्याआधी चाकांचा आतला काठ पाहणे, हा नियम लोअर गाडीच्या मालकाने तरी मोडू नये.

नेहमीचे प्रश्न

फक्त पुढची बाजू खाली केली तर चालेल का?
नाही. गाडी नाकावर झुकते, कास्टर कमी होतो, वेगात स्टीअरिंग हलके लागते आणि ब्रेक मारताना मागची चाके आणखी हलकी होतात.

जुन्या गाडीत ब्रेकचा काही संबंध येतो का?
काही जुन्या, एबीएस नसलेल्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर मागची उंची पाहून ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. मागची बाजू खाली आली की गाडी भरलेली आहे असे समजून तो मागे जास्त ब्रेक देतो. ओल्या रस्त्यावर मागची चाके लॉक होऊन गाडी फिरू शकते. असा व्हॉल्व्ह असेल तर तो नव्या उंचीला जुळवून घेतलाच पाहिजे.

सीएनजी गाडी लोअर करावी का?
टाळलेले बरे. सिलिंडर सहसा पन्नास-साठ किलोंच्या घरात असते आणि मागची स्प्रिंग त्या वजनाने आधीच दबलेली असते. त्यात उंची कमी केली की भरल्या गाडीत मागचे बंपस्टॉप प्रत्येक खड्ड्याला आपटतात.

खाली न आणता गाडी वळणावर घट्ट करता येईल का?
येईल. नवे शॉकअप, न फाटलेले बुश, चांगल्या प्रतीचे टायर, बरोबर हवा आणि अचूक टो, एवढ्यानेही जुनी गाडी नव्यासारखी चालते. उंची मूळचीच राहते, नियमांची भीती नाही आणि गावातला ढिगाराही सुटतो.

सर्वात आधी कशावर खर्च करावा?
अलाइनमेंटवर. ती काहीशे रुपयांत होते. हॅचबॅकचा एक नवा टायर चार-पाच हजारांच्या घरात जातो आणि आतून खाल्ले जातात ते बहुधा दोन्ही पुढचे टायर एकदमच. स्प्रिंगसाठी पैसे बाजूला काढताना दोन अलाइनमेंट, नवे बुश आणि महिन्याची तपासणी त्यात धरलेली नसेल, तर ते काम अजून पुढे ढकलावे.